आतड्यांचा दाहक आजार: किती जणांना होतो आणि किती जणांचा जीव घेतो?

प्रश्न असा आला आहे: "माझ्या २४ वर्षांच्या मुलीला गेल्या महिन्यात अल्सरेटिव्ह कोलायटिस झाल्याचं निदान झालं. तेव्हापासून मी रात्ररात्र वाचत बसतो. एके ठिकाणी लिहिलंय की हा आजार लाखात सहा जणांना होतो, दुसरीकडे लाखात पाचशे. कुठे आयुष्य जवळजवळ इतरांइतकंच असं म्हटलंय, कुठे मृत्यूचा धोका तिप्पट, तर कुठे तीस वर्षांत १८ टक्के रुग्णांना कॅन्सर. यातलं खरं काय मानायचं?"

तुम्ही वाचलेले पाचही आकडे खऱ्या, प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांमधले आहेत. कुठून आले असतील ते मी ओळखू शकतो. ते एकमेकांशी भांडताना दिसतात, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या माणसांबद्दल आणि वेगळ्या प्रश्नाबद्दल बोलतोय. मी २६ वर्षं पोटविकारांची प्रॅक्टिस करतो आहे आणि त्यातली बरीच वर्षं या आजाराच्या रुग्णांची एक नोंदवही सांभाळतो आहे. नवं नाव कधी लिहायचं, जुनं कधी खोडायचं, हे काम स्वतः केलं की असे आकडे कसे तयार होतात ते कळतं. म्हणून थोडं लांबण लावून सांगतो.

आधी नावांचा गोंधळ दूर करू. आतड्यांचा दाहक आजार, म्हणजे आयबीडी, यात मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला होतो, गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार शिरतो, म्हणून त्यात आतडं अरुंद होणं, भगंदर होणं, पू साठणं हे प्रकार दिसतात. आयबीएस (इरिटेबल बाऊल सिंड्रोम) हा तिसराच, निराळा त्रास. त्यात पोट दुखतं, शौचाचं वेळापत्रक बिघडतं, पण आतड्याला सूज नसते, व्रण नसतात आणि त्यामुळे कोणी दगावत नाही. कडक निकष लावूनही आयबीएस जगभरात सुमारे चार टक्के प्रौढांमध्ये आढळतो. त्यामुळे 'पोटाच्या तक्रारी' विचारून केलेल्या पाहणीत ही दोन नावं मिसळली, तर येणारा आकडा कामाचा राहत नाही. नातेवाईक तुम्हाला "अमक्यालाही हेच आहे, काही होत नाही" असं सांगतील तेव्हा बहुतेक वेळा ते आयबीएसबद्दल बोलत असतात.

आता लाखात सहा. हा आकडा मला वाटतं पंजाबमधल्या पाहणीचा आहे, जी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण असं काम जगात फार थोड्यांनी केलं आहे. पथकं घरोघरी गेली, ५१,९१० लोकांची चौकशी झाली. ज्यांच्या तक्रारी संशयास्पद वाटल्या त्यांची दुर्बिणीने आतून तपासणी आणि बायोप्सी (आतल्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणं) केली. त्यातून अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण सापडले. २३ भागिले ५१,९१० म्हणजे लाखात ४४. वर्षभराने पथकं पुन्हा त्याच भागात गेली, ४९,८३४ जणांची पुन्हा चौकशी केली आणि नवे रुग्ण मिळाले तीन. फक्त तीन. त्यावरून वर्षाला लाखात सहा हा दर निघाला. संशोधकांनी प्रामाणिकपणे सोबत लिहिलं आहे की खरा दर लाखात सव्वापासून साडेसतरापर्यंत कुठेही असू शकतो. पण पुढे उद्धृत करणारे फक्त 'सहा' उचलतात. त्या सहाच्या मागे अवघे तीन रुग्ण आहेत, हे मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतो.

याच पाहणीत तुमच्या गोंधळाचं अर्धं उत्तर आहे. एकाच गावकऱ्यांच्या गटातून ४४ हाही आकडा आला आणि सहा हाही. ४४ म्हणजे त्या क्षणी आजार घेऊन जगत असलेले सगळे. सहा म्हणजे एका वर्षात नव्याने आजारी पडलेले. माझ्या नोंदवहीत हा फरक रोज दिसतो. दरवर्षी नवी पानं लागतात, जुनी नावं मात्र जागच्या जागी राहतात. हा आजार पूर्ण बरा होऊन नाव खोडलं, असं होत नाही. मोठं आतडं काढून टाकलेल्यांचीही नावं मी ठेवतो, कारण त्यांचा पाठपुरावा चालूच राहतो. नाव खोडलं जातं ते रुग्ण दगावल्यावर किंवा परगावी कायमचा गेल्यावर. आणि दगावणं तरुण वयात क्वचितच घडतं.

हिशेब करून पाहा. एखाद्या प्रदेशात वर्षाला लाखात २० नवे रुग्ण होत आहेत. निदान साधारण पंचविशी-तिशीत होतं आणि त्यानंतर माणूस चाळीस-पन्नास वर्षं जगतो. चाळीस वर्षांचं धरलं तरी २० गुणिले ४० म्हणजे लाखात ८००. नवे रुग्ण वाढले नाहीत तरी एकूण रुग्ण वाढतच जातात, कारण वहीतून कोणी फारसं बाहेर पडत नाही. "रुग्ण झपाट्याने वाढताहेत" ही बातमी भीतीची वाटते, पण तिच्यातला मोठा भाग असा आहे की लोक या आजाराने मरेनासे झाले आहेत. तुमचे दोन्ही प्रश्न, किती आढळतो आणि किती मारतो, इथे एकमेकांत गुंतलेले आहेत. मारणारा असता तर एवढा आढळला नसता.

लाखात पाचशे हा आकडा नॉर्वेचा. जगभरातले लोकसंख्येवर आधारित अभ्यास एकत्र करून २०१७ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचं सर्वांत जास्त प्रमाण नॉर्वेत, लाखात ५०५, आणि क्रोन्सचं जर्मनीत, लाखात ३२२, असं निघालं. उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि युरोपातल्या अनेक देशांत दोन्ही आजार मिळून ०.३ टक्क्यांच्या वर गेले आहेत. स्कॉटलंडमध्ये एडिनबरा आणि भोवतालच्या लोदियन भागात प्रत्येक नोंद कागद उलगडून तपासली, तेव्हा २०१८ साली हे प्रमाण ०.७८ टक्के भरलं. म्हणजे दर १२८ माणसांमागे एक. कॅनडाचाही आकडा याच घरात आहे. नव्या रुग्णांच्या बाबतीत फेरो बेटं सगळ्यांच्या पुढे. उत्तर अटलांटिकमधली पन्नासेक हजार वस्तीची ही बेटं, पण २०१० च्या युरोपीय पाहणीत तिथे वर्षाला लाखात ८१ नवे रुग्ण नोंदले गेले. आशिया-प्रशांत भागात २०११-१२ मध्ये एकाच पद्धतीने मोजणी झाली, तर आशियाई केंद्रांत वर्षाला लाखात १.३७ आणि ऑस्ट्रेलियात २३.६७. एकच पद्धत, एकच काळ, आणि फरक सतरा पट.

हा फरक सगळा खरा आहे का? मला वाटतं बराचसा खरा आहे, पूर्ण नाही. या आजाराचं निदान रक्ताच्या एका चाचणीने होत नाही. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) लागते, बायोप्सी लागते, ती वाचणारा जाणकार लागतो आणि जंतुसंसर्ग नाही ना याची खात्री लागते. जिथे दुर्बीण पोहोचलेली नाही तिथे हा आजार 'नाही'. तिथे रक्ती आव म्हणून गोळ्यांचे कोर्स चालू असतात. उलट बाजूने, जिथे क्षयरोग भरपूर आहे तिथे आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की अनुभवी माणूसही चुकतो. म्हणजे काही क्रोन्स क्षयात मोजले जातात आणि काही क्षय क्रोन्समध्ये.

तरीही वाढ निव्वळ दुर्बिणींमुळे नाही, याचे पुरावे भक्कम आहेत. कमी प्रमाण असलेल्या देशातून जास्त प्रमाण असलेल्या देशात गेलेल्या कुटुंबांत, तिथे जन्मलेल्या मुलांचा धोका नव्या देशासारखा होऊ लागतो. गुणसूत्रं तीच, माती बदलली. या आजाराशी जोडलेल्या दोनशेहून अधिक जनुकीय जागा आज माहीत आहेत, पण एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. बदलतं ते खाणं, लहानपणीचे जंतू, प्रतिजैविकं, धूम्रपान, शहरी राहणी. धूम्रपानाचं वागणं तर विचित्र आहे: ते क्रोन्स वाढवतं आणि बिघडवतं, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस मात्र अनेकदा धूम्रपान सोडल्यावर सुरू झालेला दिसतो. (यावरून कोणी मुलीला सिगारेटचा सल्ला दिला तर ऐकू नका. आतड्याचा थोडा फायदा आणि हृदय-फुप्फुसांचं कायमचं नुकसान, हा व्यवहार नको.)

गेल्या काही वर्षांत या प्रवासाचे चार टप्पे मांडले गेले आहेत आणि मला ते पटतात. आधी तुरळक रुग्ण. मग उद्योगीकरणाबरोबर नवे रुग्ण झपाट्याने वाढू लागतात. ब्राझील, तैवान आणि नव्याने औद्योगिक झालेले अनेक देश या टप्प्यातून गेले किंवा जात आहेत. मग नवे रुग्ण वाढायचे थांबतात पण एकूण रुग्णांचा साठा वाढत राहतो. पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिका आज तिथे आहेत. चौथा टप्पा, जिथे म्हातारे होऊन जाणारे रुग्ण आणि नवे रुग्ण बरोबरीत येतील, तो अजून कुठेच आलेला नाही.

जागतिक बेरजांबद्दल एक सावधगिरी. जागतिक रोगभार प्रकल्पाने २०१७ साठी जगात ६८ लाख रुग्ण आहेत असं सांगितलं. त्याच प्रकल्पाने पुढच्या आवृत्तीत २०१९ साठी ४९ लाख सांगितले. दोन वर्षांत १९ लाख लोक बरे झाले, असं नाही. गणिताचं प्रारूप आणि त्यात घातलेली माहिती बदलली. ज्या देशांत कोणी मोजलंच नाही तिथले आकडे शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. म्हणून मी असे आकडे दिशा पाहण्यापुरते वापरतो, अंकगणितासाठी नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे: २०१७ च्या आवृत्तीनुसार १९९० पासून वयानुसार समायोजित मृत्युदर लाखात ०.६१ वरून ०.५१ वर उतरला.

आता तुम्हाला झोपू न देणारा भाग.

हा आजार एके काळी खरोखर जीवघेणा होता. लंडनचे सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली ज्या रुग्णाच्या शवविच्छेदनावरून या आजाराचं आरंभीचं वर्णन केलं, ती बाई जुलाबाने वारली होती. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं तीव्र झटक्यावर उपाय नव्हता. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोन या स्टिरॉइडची चाचणी प्रसिद्ध केली. तीव्र झटका आलेल्यांपैकी औषधाविना राहिलेल्या गटात सुमारे २४ टक्के दगावले, कॉर्टिसोनच्या गटात सुमारे ७ टक्के. पुढे वेळेवर शस्त्रक्रिया, सलाइन आणि क्षारांचा नीट हिशेब, १९९४ साली सायक्लोस्पोरिन, २००५ साली इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांची भर पडली. आज चांगल्या केंद्रात तीव्र झटक्याचा मृत्युदर एक टक्क्याच्या आसपास आहे. चौघांमागे एक ते शंभरामागे एक, हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात मावतो.

"आयुष्य जवळजवळ इतरांइतकंच" हे तुम्ही बहुधा कोपनहेगनच्या अभ्यासावरून वाचलं असणार. तिथे १९६२ ते १९८७ मध्ये निदान झालेल्या जिल्ह्यातल्या सगळ्या ११६० अल्सरेटिव्ह कोलायटिस रुग्णांचा पाठपुरावा केला. त्यांच्या वयाच्या, त्याच भागातल्या लोकांत १०० मृत्यू अपेक्षित असतील तेव्हा या रुग्णांत १०५ झाले. फरक नाहीच म्हणायला हरकत नाही. सगळे अभ्यास एकत्र केले की २०१३ च्या विश्लेषणात कोलायटिससाठी हा आकडा ११९ आणि क्रोन्ससाठी १३८ येतो. क्रोन्स जास्त त्रासदायक आहे, हे आमच्या रोजच्या अनुभवाशी जुळतं.

या आकड्यांचा अर्थ लावताना लोक एक गल्लत करतात. १०० चे ११९ झाले म्हणजे रुग्णांपैकी १९ टक्के मेले असं नाही. चोविसाव्या वर्षी माणसाला पुढच्या वर्षभरात मृत्यू येण्याची शक्यता मुळातच हजारात एखाददुसरी असते. तिच्यात पाचवा हिस्सा मिळवला तरी ती जवळपास तेवढीच राहते.

तिप्पट धोक्याचा आकडा स्वीडनचा आहे. तो खोटा नाही, पण तुमच्या मुलीचा नाही. तो १८ वर्षांच्या आत निदान झालेल्या मुलांबद्दल आहे. लहान वयातला आजार जास्त पसरलेला आणि जास्त आक्रमक असतो. आणि तिथेही मूळ संख्या पाहा: या रुग्णांमध्ये वर्षाला हजारात २.१ मृत्यू, इतर मुलामाणसांत ०.७. तीनपट खरंच, पण फरक हजारात दीडचा. त्यातही ज्यांना पित्तनलिकांचा आजार जोडीला होता, ज्याला आम्ही पीएससी म्हणतो, त्यांचा धोका बाकीच्यांहून कितीतरी जास्त होता. म्हणून मुलीच्या यकृताच्या चाचण्या, विशेषतः अल्कलाइन फॉस्फेटेज, आधीच्या रिपोर्टमध्ये आहे का ते बघा. नसेल तर करून घ्या. साधी, स्वस्त चाचणी आहे आणि पुढची बरीच दिशा ठरवते.

कॅन्सरचे १८ टक्के २००१ सालच्या एका विश्लेषणातले: दहा वर्षांनी २ टक्के, वीस वर्षांनी ८, तीस वर्षांनी १८. त्यातले बरेच अभ्यास मोठ्या संदर्भ रुग्णालयांचे होते. अशा ठिकाणी अवघड रुग्णच येऊन पोहोचतात. सौम्य आजार असलेला गावातल्या डॉक्टरकडे गोळ्या घेऊन ठीक असतो आणि तो मोजलाच जात नाही. कोपनहेगनमध्ये, जिथे सौम्य आणि तीव्र सगळेच मोजले होते, तीस वर्षांनी आकडा निघाला २.१ टक्के, म्हणजे इतर लोकांइतकाच. तिथे शस्त्रक्रिया सढळ हाताने केल्या जात, हेही खरं आहे. अलीकडच्या स्वीडन-डेन्मार्कच्या मोठ्या नोंदींत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा आणि त्याने होणाऱ्या मृत्यूचा धोका इतरांच्या दीडपटीहून थोडा जास्त दिसतो. मी स्वतः हाच आकडा धरून चालतो. संपूर्ण मोठं आतडं ग्रासलेलं असेल, दाह वर्षानुवर्षं शमलेला नसेल किंवा पीएससी असेल, तर जास्त. फक्त गुदाशयापुरता आजार असेल तर जवळजवळ नाही.

मग या आजाराने आज माणसं मरतात ती कशाने? इथे मृत्यूच्या दाखल्याबद्दल सांगावं लागेल, कारण जागतिक आकडे त्या कागदावर उभे असतात.

मी शिकाऊ असताना आमच्या वॉर्डात एक ३१ वर्षांचा तरुण होता. कोलायटिसचा तीव्र झटका, दिवसाला दहा-बारा वेळा रक्तमिश्रित शौच, स्टिरॉइड शिरेतून चालू. तिसऱ्या दिवसापासून रक्त कमी झालं होतं, आम्ही सगळे खूश होतो. सहाव्या दिवशी पहाटे तो संडासातून परत येताना खाट धरून उभा राहिला, दम लागतोय म्हणाला आणि कोसळला. फुप्फुसात रक्ताची गुठळी. रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन आम्ही दिलं नव्हतं, कारण शौचातून रक्त जाताना ते कसं द्यायचं, अशी भीती होती. दाखला मीच भरला. पहिल्या ओळीत फुप्फुसातली गुठळी, दुसऱ्या ओळीत पायातल्या शिरेतली गुठळी. तिसरी ओळ, जिथे या सगळ्याचं मूळ कारण लिहायचं असतं, ती मी कोरी ठेवली. कोलायटिस हा शब्द त्या कागदावर कुठेच आला नाही. आकडेवारीच्या हिशेबात तो तरुण आतड्याच्या आजाराने गेलाच नाही.

अशी माणसं जगभर किती असतील, याचा विचार केला की 'लाखात ०.५१' हा आकडा कमी का पडतो ते कळतं. दाखल्यावरचं मूळ कारण मोजणारी पद्धत या आजाराचे मृत्यू कमी दाखवते. रुग्णांचा गट धरून वर्षानुवर्षं त्यांच्या मागे जाणारी पद्धत, कोपनहेगनसारखी, जास्त विश्वासाची, कारण ती कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू मोजते.

आणि त्या गुठळीबद्दल. दाहक आजार असलेल्यांत शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो आणि झटका चालू असताना आठपटीच्या आसपास जातो. दाहामुळे रक्त चिकट होतं, माणूस पडून असतो, अंगातलं पाणी गेलेलं असतं. रक्तस्राव होत असला तरी दाखल रुग्णाला हेपारिनचा, म्हणजे त्याच रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा, प्रतिबंधक डोस द्यावा, असं आज सगळी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्याने रक्तस्राव लक्षात येण्याइतका वाढत नाही. गेली वीस वर्षं माझ्या वॉर्डात पहिल्या दिवशीच्या औषधांच्या कागदावर ते इंजेक्शन आहे की नाही, हे मी स्वतः बघतो.

दुसरं कारण, शस्त्रक्रियेला झालेला उशीर. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ठरवून केलेल्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावण्याचं प्रमाण ०.७ टक्के आहे, तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर ५.३. क्रोन्समध्ये ०.६ आणि ३.६. तातडीने टेबलावर जाणारा रुग्ण मुळातच जास्त खालावलेला असतो, त्यामुळे सगळा फरक उशिराच्या माथी मारता येणार नाही. पण बराचसा येतो. मोठं आतडं काढायचं म्हटलं की कुटुंब थांबतं, "अजून एक औषध बघू" म्हणतं, आणि डॉक्टरलाही तेच ऐकावंसं वाटतं. ऑक्सफर्डच्या १९९६ सालच्या निरीक्षणात एक साधी मोजणी दिली आहे: शिरेतून स्टिरॉइड सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी शौच आठपेक्षा जास्त वेळा होत असेल, किंवा तीन ते आठ वेळा आणि सीआरपी (रक्तातली दाह मोजणारी चाचणी) ४५ च्या वर असेल, तर त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता ८५ टक्के. म्हणजे तिसऱ्या दिवशी पुढचं औषध ठरवायचं आणि सर्जनला बोलावून रुग्ण दाखवायचा. दहाव्या दिवशी नाही. सर्जन आला म्हणजे ऑपरेशन झालंच असं नसतं. पण आतडं फुगून फुटल्यावर जो सर्जन येतो त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

तिसरं कारण जंतुसंसर्ग, आणि यात औषधांचा वाटा आहे. लोक बायोलॉजिक इंजेक्शनांना (इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांना) घाबरतात आणि स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं खातात, कारण त्या ओळखीच्या असतात आणि दोन दिवसांत बरं वाटतं. पुरावा उलट आहे. उत्तर अमेरिकेतल्या क्रोन्सच्या मोठ्या नोंदीत मृत्यूशी जोडले गेलेले उपचार होते स्टिरॉइड आणि अफूवर्गीय वेदनाशामक, इन्फ्लिक्सिमॅब नव्हे. कोविडच्या काळात जगभरच्या रुग्णांची एकत्र नोंद झाली तेव्हाही गंभीर आजार स्टिरॉइड घेणाऱ्यांतच जास्त दिसला. स्टिरॉइड झटका विझवण्यासाठी उत्तम आहे. विस्तव पुन्हा पेटू नये म्हणून रोज घ्यायला ते नाही. बायोलॉजिक सुरू करण्याआधी क्षयाची आणि हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच, कारण दबलेला क्षय त्या औषधांनी उफाळतो. आतड्याचा क्षय क्रोन्स समजून अशी औषधं दिली गेली, तर ती चूक जिवावर बेतते.

वयस्करांबद्दल दोनच वाक्यं. साठीनंतर निदान झालेल्यांत आजार बऱ्याचदा सौम्य असतो, पण हृदय, साखर आणि मूत्रपिंडं सोबत असतात आणि त्यामुळे प्रत्यक्ष मृत्यू या वयात सर्वांत जास्त होतात. निदानानंतरचं पहिलं वर्ष सगळ्याच वयांत तुलनेने धोक्याचं असतं.

तुमची मुलगी सध्या त्याच पहिल्या वर्षात आहे, म्हणून तुमच्यासाठी आकड्यांपेक्षा थोडं जवळचं. रोजची मेसालामाइनची (आतड्यातला दाह दाबून ठेवणारी) गोळी बरं वाटलं तरी बंद करू देऊ नका. माझ्याकडे परत झटका घेऊन येणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांनी "आता काही होत नाही" म्हणून ती सोडलेली असते. आजार गुदाशयाच्या वर पसरलेला असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून आठव्या वर्षाच्या आसपास तपासणीची कोलोनोस्कोपी सुरू होते, पीएससी असेल तर लगेच आणि दरवर्षी. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच होत असेल आणि सोबत नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंशांच्या वर, किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली असेल, तर तो तीव्र झटका आहे. हे निकषसुद्धा मुळात १९५५ च्या त्याच दोघा डॉक्टरांचे आहेत आणि आजही वापरले जातात. त्या दिवशी फोनवर गोळ्या विचारत बसू नका, थेट दाखल व्हा. आणि दाखल झाल्यावर पहिल्या रात्री नर्सला विचारा, हेपारिनचं इंजेक्शन दिलं का.